दसऱ्याला फ्रिजमध्ये, नाताळाला कुंडीत

श्रोतेहो, नमस्कार.

काल संध्याकाळी मी ट्युलिपचा एक कंद विळीवर उभा चिरला. जीव हळहळला, कारण एक कंद म्हणजे एक फूल. पण आज तुमच्याशी बोलायचं, तर आधी पुन्हा एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं असं वाटलं. वर तपकिरी, कागदासारखा पापुद्रा. आत कांद्यासारखेच पांढरे, रसाळ पदर. आणि मधोमध, बुडाला धरून, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा पिवळट कोंब. तो सुईच्या टोकानं सोडवला आणि भिंग धरलं. इवली पानं एकमेकांना लपेटून बसलेली. त्यांच्या आत सहा पाकळ्या, पाकळ्यांच्या आत सहा पुंकेसर. अख्खं फूल तयार होतं. फक्त रंग भरायचा राहिला होता.

म्हणजे आपण कंद विकत घेतो तेव्हा फूल त्याच्यात आलेलंच असतं. खतपाण्यानं आपण ते घडवत नाही. ते सुखरूप बाहेर यावं एवढंच आपल्या हातात असतं. आणि त्यासाठी त्याला खतापेक्षाही जास्त गरज असते ती थंडीची. मोजून दिलेल्या थंडीची.

माझा मावसभाऊ निफाडकडे शेती करतो. कांदा आणि द्राक्षबाग. पहिल्यांदा कंद आणले तेव्हा त्याला दाखवले. त्यानं तळहातावर झेलून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हा तर गोल्टी कांदा." मी त्याला सांगितलं की याला तीन महिने थंडी लागते, नाहीतर फूल येत नाही. तो लगेच म्हणाला, "मग सरळ सांग ना, डेंगळा हवाय. आम्ही डेंगळ्याच्या नावानं बोटं मोडतो आणि तू त्याची वाट बघतेस."

श्रोतेहो, इतकं नेमकं मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडलं नव्हतं. कांद्याला अवेळी थंडी बसली की पात सोडून दांडा येतो, दांड्याला गोंडा येतो. विक्रीच्या कांद्यात तो तोटा. पण बियाण्यासाठी कांदे लावणारा शेतकरी मुद्दाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतो, की हिवाळा अंगावर घेऊन गोंडे भरपूर यावेत. ट्युलिपचंही असंच, फरक एवढाच की कांद्यात थंडीनं फूल धरतं आणि ट्युलिपमध्ये धरलेल्या फुलाचा दांडा थंडीनं लांबतो. थंडी कमी पडली तर दांडा वाढतच नाही. कळी पानांच्या बेचक्यात अडकते आणि तिथंच वाळते.

आता तुम्ही म्हणाल, नाशिकला थंडी काय कमी आहे? डिसेंबर उजाडला की निफाडच्या कुंदेवाडीचा पारा रोज पेपरात येतो, काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. खरं आहे. पण ती थंडी पहाटेची. दुपारी आपण अर्ध्या बाहीच्या शर्टात फिरतो. ट्युलिप मूळचा मध्य आशियातल्या तिएनशान आणि पामीरच्या डोंगरांतला. तिथं बर्फाखाली महिनोन् महिने रात्रंदिवस एकसारखा गारवा असतो. आपली द्राक्षवेल तरी वेगळं काय सांगते? ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावावी लागते, कारण थंड देशांतल्या वेलीला मिळते तशी विश्रांती इथल्या वेलीला मिळत नाही. जिथं थंडी अपुरी पडते तिथं माणूस तिला पर्याय शोधतो. ट्युलिपसाठी तो पर्याय आपल्या स्वयंपाकघरात उभा आहे.

कंद घ्यायचे कसे, ते आधी सांगते, कारण निम्मी फसवणूक तिथंच होते. मी स्वतः पहिल्या वर्षी निळ्या ट्युलिपचं पाकीट मागवलं होतं. चित्रात शाईसारखा निळा. पाकिटात निघालं बी. आज मला माहीत आहे की खरा निळा ट्युलिप अस्तित्वातच नाही, निळ्याच्या नावाखाली मिळतो तो जांभळा. आणि बियापासून फूल यायला पाच-सहा वर्षं लागतात, तीही थंड मुलखात. तेव्हा बी घेऊ नका. कंदच घ्या आणि विचारा, घेर किती? ट्युलिपचे कंद घेरावरून विकले जातात. 12 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घेराचा घ्या. शिंप्याची टेप गुंडाळून घरी मोजता येतो. बारीक कंद स्वस्त मिळतात, पण त्यांना बहुतेक वेळा एक रुंद पान येतं आणि संपतं. पैसे पाचच कंदांचे असतील तर पाचच घ्या, पण भरलेले.

हातात घेतल्यावर कंद जड लागला पाहिजे. कांदे निवडताना आपण दाबून बघतो तसाच दाबा, विशेषतः बुडाला. पापुद्रा फाटलेला असला तरी काही बिघडत नाही. वर निळसर-हिरवट बुरशीचा हलका थर असेल तर तोही कोरड्या फडक्यानं पुसला जातो. मात्र आंबूस वास आला, बूड मऊ लागलं, तर तो कंद बाजूला काढा. त्याला फ्युजेरियम बुरशी लागलेली असते. आणि नुसता तोच जात नाही. सडता सडता तो इथिलीन वायू सोडतो आणि त्या वायूनं शेजारच्या चांगल्या कंदातलं फूल आतल्या आत करपतं. बाहेरून काहीच कळत नाही.

जातींमध्ये आपल्याकडे दोनच गटांकडे बघावं असं माझं स्पष्ट मत आहे, ट्रायम्फ आणि डार्विन हायब्रीड. दोन्हींचे दांडे मजबूत, फुलं ठसठशीत, आणि फुलायला फार उशीर लावत नाहीत. झालरवाले पॅरट, दाट पाकळ्यांचे उशिराचे डबल दिसायला देखणे असतात, पण त्यांची वेळ येईस्तोवर नाशिकला ऊन तापलेलं असतं. रंगांमध्ये लाल आणि पिवळा मला जास्त आवडतात. पट्ट्यापट्ट्यांच्या ट्युलिपची एक कहाणी आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या पांढऱ्यावर लाल ज्वाळा असलेल्या फुलांसाठी लोकांनी घरंदारं पणाला लावली आणि 1637 च्या फेब्रुवारीत ज्यांचा बाजार कोसळला, ते पट्टे म्हणजे मुळात एका विषाणूचा रोग होता. तो पसरवत होता मावा. आपल्या गुलाबावर आणि जास्वंदीवर बसतो त्याच घराण्यातला मावा. आज मिळणारे पट्टेरी ट्युलिप निरोगी असतात, पण दोन रंगांची फुलं पाहिली की मला ही गोष्ट आठवतेच.

तर आता फ्रिज. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, साधारण दसऱ्याच्या सुमारास, कंद कागदी किंवा जाळीच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवायचे. फ्रीजरमध्ये अजिबात नाही. चार-पाच अंश तापमान आणि दहा ते बारा आठवडे. पाणी नको, माती नको, घट्ट प्लॅस्टिक नको. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा. आणि त्या कप्प्यात फळ ठेवू नका. हे मी कळकळीनं सांगते, कारण दुसऱ्या वर्षी मी बारा आठवडे नेमानं मोजले, मोठे कंद निवडले, पानं छान हिरवीगार आली, आणि प्रत्येक रोपाच्या मध्यात बघते तर कळीच्या जागी कागदासारखा वाळका तुकडा. अकरापैकी अकरा. मला आठवडाभर काही सुचेना. मग लक्षात आलं, दिवाळीत आलेली सफरचंदं आणि सीताफळं त्याच कप्प्यात होती. पिकणारं फळ तोच इथिलीन वायू सोडतं, ज्याच्याबद्दल मी आत्ता बोलले. घरात दुसरा जुना फ्रिज असेल तर उत्तम. नसेल तर तीन महिने फळं फ्रिजबाहेर, फडताळात राहू द्या.

पिशवीवर ठळक लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी कांदा समजून चिरेल. हे कंद खाण्याचे नाहीत. 1944-45 च्या हिवाळ्यात, युद्धामुळे उपासमार आली तेव्हा, हॉलंडमधल्या लोकांनी ट्युलिपचे कंद आतला कोंब काढून शिजवून खाल्ले होते, पण ती वेळ तशी होती. घरात कुत्रं-मांजर असेल तर त्यांच्यापासूनही लांब ठेवा, त्यांना बाधतात. हाताळताना कुणाकुणाच्या बोटांना खाज सुटते, त्यांनी हातमोजे घालावेत.

आता दिवस मोजा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आत गेलेले कंद नाताळाच्या सुमारास बाहेर येतात. नेमका तेव्हाच नाशिकचा गारठा भरात असतो. बाहेर काढले की त्याच दिवशी लावायचे. दोन दिवस ओट्यावर पडून राहिले तर तीन महिन्यांची पुण्याई उणी होते. जानेवारीत मुळं आणि पानं, आणि सहा-सात आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, फूल. दिल्लीत शांतिपथावर ट्युलिप फुलतात तेही फेब्रुवारीतच. श्रीनगरला दल सरोवराच्या काठी, जबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्युलिपची मोठी बाग आहे. तिचा बहर मात्र मार्चअखेरीस सुरू होतो, आपल्या गुढीपाडव्याच्या दिवसांत. आपण पाडव्याची वाट बघायची नाही. चैत्रात नाशिकचं ऊन ट्युलिपला सोसवत नाही. आपला ट्युलिपचा वसंत म्हणजे वसंत पंचमी, माघातली.

जमिनीत लावायचा तर कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, साधारण 15 सेंटिमीटर. पण आपल्या काळ्या मातीत मी लावणार नाही, तुम्हीही लावू नका. ती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. दहा इंची मातीची कुंडी घ्या, प्लॅस्टिकची नको, ती तापते. पोयट्याची माती, नदीची जाड वाळू आणि जुनं गांडूळखत, तिन्ही समान. टोक वर, बूड खाली. एका कुंडीत सात-आठ कंद एकमेकांना न चिकटता बसतात. कंद नीट बघितला तर त्याची एक बाजू चपटी असते. पहिलं मोठं पान त्या बाजूनं फुटतं. सगळ्या कंदांची चपटी बाजू कुंडीच्या काठाकडे ठेवलीत तर पानं बाहेर झुकतात आणि फुलांना मधे जागा मिळते. एवढ्याशा गोष्टीनं कुंडी किती वेगळी दिसते! वर चार बोटं माती, आणि मातीवर उसाच्या पाचटाचा पातळ थर, म्हणजे दुपारी मुळं तापणार नाहीत.

पहिले दोन-तीन आठवडे कुंडी उत्तरेच्या भिंतीला, सावलीत. पाणी माठातलं दिलं तर चांगलंच. कोंब दोन बोटं वर आला की सकाळचं ऊन दाखवा, अकरानंतर हिरव्या जाळीखाली. माती ओलसर राहावी, चिखल नको. खताची गरज जवळजवळ नाहीच, शिदोरी कंदातच असते. पण दांडा कळीच्या खाली मऊ पडून मोडतो, तो कॅल्शियम कमी पडल्यानं. द्राक्षवाल्यांकडे कॅल्शियम नायट्रेट असतंच. लिटरला ग्रॅमभर, आठवड्यातून एकदा. माझा भाऊ मला वाटीभर देतो, ते दोन हंगाम पुरतं.

आणि मग एके सकाळी कळीच्या हिरव्या अंगावर देठापासून रंग चढायला लागतो. माझ्याकडे पहिल्यांदा यश आलं त्या वर्षी मी चहाचा कप घेऊन कुंडीपुढे पाट टाकून बसले होते. सकाळी नऊला मिटलेली कळी, साडेदहाला ऊन लागताच पेल्यासारखी उघडली, दुपारी पार बशी झाली, आणि संध्याकाळी गारवा आला तशी पुन्हा मिटली. पाच-सहा दिवस हेच चाललं. दुपारी कुंडी घरातल्या गार कोपऱ्यात आणली तर एखाद-दुसरा दिवस जास्त मिळतो. कापून फुलदाणीत ठेवलंत तर दांडा पाण्यातही वाढत राहतो, उजेडाकडे वळतो, म्हणून फुलदाणी रोज थोडी फिरवा.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. हा कंद पुढच्या वर्षी आपल्याकडे फुलत नाही. फुलाबरोबर जुना कंद संपतो आणि त्याच्या जागी पिल्लं येतात. ती पोसायला लांबलचक गार वसंत लागतो, आणि आपल्याकडे मार्चमध्येच पानं पिवळी पडतात. पिल्लं जपून ठेवण्यात मी तीन वर्षं घालवली, पानांपलीकडे काही आलं नाही. तेव्हा दरवर्षी नवे कंद. ज्या शहराला मोगलांच्या काळात गुलशनाबाद म्हणत, तिथं माघात आठवडाभर एक कुंडी अशी फुलावी, यासाठी एवढा खर्च मला जास्त वाटत नाही. ज्यांना वाटतो त्यांनी याच दिवसांत ग्लॅडिओलसचे कंद लावावेत. ते आपल्या हवेत आनंदानं येतात, अडीच-तीन महिन्यांत दांडे देतात.

मार्चमध्ये ट्युलिपची कुंडी रिकामी झाली की ती माती टाकू नका. उन्हात दोन-तीन दिवस पसरा, मूठभर शेणखत मिसळा आणि त्याच कुंडीत निशिगंधाचे तीन कंद लावा, बोटभर खोल. त्याला फ्रिज नको, सावली नको, तो उन्हाचाच. शृंगार जात मिळाली तर तीच घ्या, एकेरी पाकळ्यांची, वासाला गोड. ट्युलिपला वास जवळजवळ नसतो, तो अनुशेष निशिगंध श्रावणात भरून काढतो.

यंदाच्या माझ्या कंदांपैकी एक काल विळीवर गेला. उरलेले चोवीस कागदी पिशवीत घालून आज सकाळीच फ्रिजमध्ये ठेवलेत, आणि फळांची टोपली दिवाणखान्यात आली आहे. नमस्कार.