धरणाखालची पवना

(दृश्य: थुगावजवळचा नदीकाठ. जानेवारीची सकाळ. पायाने मारायच्या पंपाचा आवाज.)

गवतावर पसरलेलं हे निळं रबर थोड्या वेळात होडी होणार आहे. हवा भरायची कयाक. हिच्यात हवेचे तीन कप्पे असतात, दोन बाजूंना आणि एक तळाला. तिन्ही एकमेकांपासून वेगळे. एखादा काट्याला लागून फुटला तरी बाकीचे दोन माणसाला बुडू देत नाहीत. पंप मारतायत ते बाबा. चौथीतली लेक झडपेला कान लावून हवा सुटते का ते ऐकतेय. हे काम तिने स्वतःहून अंगावर घेतलंय.

आता लाइफ जॅकेट. बकल लागलं म्हणजे जॅकेट बसलं असं नाही. खांद्याच्या दोन्ही पट्ट्या धरून माणसाला वर ओढून बघायचं. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. आजींचं सरकलं. पट्ट्या पुन्हा आवळल्या. "अगं, श्वास तरी घेऊ दे," आजी सुनेला म्हणाल्या.

आजोबा होडीत बसणार नाहीत. ते गाडी घेऊन खाली बेबडओहोळला जाऊन थांबतील. नदीवरच्या सहलीत हे काम करणारं कुणीतरी लागतंच, कारण नदी माणसाला जिथून उचलते तिथे परत आणून सोडत नाही.

(दृश्य: ड्रोन. नदीचं वळण, दोन्ही काठांवर ऊस आणि गुलाबाची पॉलिहाउसं. दूर तिकोना.)

हा पवन मावळ, पवना नदीचं खोरं. नदीत किती पाणी आहे ते वरून नीट दिसतं, आणि ते नीट बघा, कारण पाऊस थांबून तीन महिने होऊन गेलेत.

पुण्याच्या बाकीच्या नद्यांचं या दिवसांत काय होतं? मुठेचं पाणी खडकवासल्यालाच अडतं आणि तिथून कालव्यात आणि बंद नळांत जातं. शहरात शिरल्यावर तिच्या पात्रात जे वाहतं, त्यात उतरायची कल्पनाही कुणी करणार नाही. मुळेचं मुळशीत साठलेलं पाणी तर बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे, भिऱ्याच्या वीजघराकडे जातं. तिथून पुढे ते कोकणाचं.

पवनेचं तसं झालेलं नाही. पिंपरी-चिंचवडला पाणी हवं असतं. ते पवना धरणातून नदीत सोडतात. ते पात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथे उपसतात आणि निगडीला सेक्टर 23 मधल्या केंद्रात शुद्ध करतात. म्हणजे शहराची जलवाहिनी ही नदीच आहे. शहराचा नळ बारा महिने चालू राहायला हवा, म्हणून नदीही बारा महिने चालू राहते. काठावरच्या उसाला आणि भाताच्या खाचरांना मोटारी लावून पाणी मिळतं ते याच प्रवाहातून, आणि आजींची होडी तरंगणार आहे तीही याच्यावरच.

(दृश्य: होडीतून. पुढे आजींची पाठ, नारिंगी जॅकेट, वल्ह्याची दोन्ही पाती.)

दोघांच्या कयाकमध्ये वजनदार माणूस मागे बसतो. दिशा मागचा सांभाळतो. ताल मात्र पुढच्याचा, मागच्याने त्याच्या तालावर वल्हं मारायचं. पुढे आजी, मागे सूनबाई. घरात काय चालतं ते आम्ही विचारलं नाही.

वल्हं हाताने ओढायचं नसतं. दंड दहा मिनिटांत भरून येतात. हात जवळपास सरळ ठेवायचे आणि कमरेपासून वळायचं, पातं पायांच्या बाजूला पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी आलं की बाहेर काढायचं. त्याहून मागे नेलं की होडी पुढे जाण्याऐवजी वळायला लागते. दांड्यावर पात्याच्या अलीकडे ही काळी रबरी कडी दिसते ना, ती थेंब अडवायला असते. पातं वर गेलं की पाणी दांड्यावरून घरंगळत येतं आणि कडीपाशी थांबून खाली टपकतं. ती नीट बसवली नसेल तर तेच पाणी कोपरापर्यंत जातं. सूनबाईंची डावी बाही बघा. पार भिजलीय.

(दृश्य: डोह. वाकलेलं वाळुंज. कवड्या धीवर हवेत एका जागी पंख मारतोय. निवेदन नाही. पाण्याचा आणि वल्ह्यांचा आवाज.)

उन्हाळ्यात पाटाला पाणी असतं तसा इथला प्रवाह. घाई नाही, पण थांबणंही नाही. वल्ही मांडीवर ठेवली तरी होडी सरकत राहते. अशा नदीत उसळतं पाणी नसतं. धोका असतो तो झाडाच्या पाण्यात पडलेल्या फांद्यांचा, कारण पाणी फांद्यांतून आरपार जातं आणि माणूस अडकतो. मासेमारीच्या जाळ्यांचाही असतो. आणि सगळ्यात मोठा धोका बंधाऱ्याचा.

बंधारा होडीतून दिसतच नाही. पाणी सपाट दिसतं, पुढे काठावरची झाडं दिसतात आणि मधला तुकडा गायब असतो. खाली पडलेलं पाणी जागच्या जागी उलटं फिरतं आणि आत गेलेल्याला बाहेर सोडत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे हरतो.

(दृश्य: घाट. धुणं धुणाऱ्या बायका.)

इथे सांगणाऱ्या घाटावर होत्या. "म्होरं बांध हाय, आजी. हितनंच काठाला लागा." त्यांनी सांगितलं आणि होड्या काठाला लागल्या. रिकामी कयाक जड नसते, दोघांनी एकेक टोक धरलं की चालायला लागायचं. बाबा आणि लेक पुढे, मागे आजी वल्ही घेऊन. शेताच्या बांधावरून, पाण्याच्या पाइपांवरून पाय टाकत, बंधाऱ्याच्या बऱ्याच खालून पुन्हा पाण्यात.

शेतकऱ्यांच्या मोटारींचे हे पाइप मुद्दाम जवळून दाखवलेत. या काठावर ते ठिकठिकाणी दिसतात. शहरासाठीचं पाणी धरणापासूनच बंद नळातून न्यावं, अशी योजना आखली गेली. साधारण 35 किलोमीटरची जलवाहिनी. पाणी वाया जाणार नाही, वाटेत घाण मिसळणार नाही, हे त्यामागचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. पण मग पात्रात काय उरणार, हा मावळातल्या शेतकऱ्यांचा प्रश्न होता. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरला द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन जण गेले, त्यात एक बाई. काम थांबलं. विषय अजून निघतो.

(दृश्य: बेबडओहोळच्या अलीकडचा काठ. आजोबा हात करतायत.)

इथे उतरायचं. नदी पुढे गहुंजे, किवळेकडे जाते, पण त्या बाजूला वस्ती वाढत जाते आणि पाण्याला वास यायला लागतो. जलपर्णीत वल्हं घातलं की मुळांचा पुंजका घेऊनच वर येतं. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीपाशी हीच पवना आहे, आणि दापोडीला मुळेला मिळते तीही हीच. ती आम्ही चित्रित केलेली नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. पावसाळ्यात अजिबात नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा काळ. निघायच्या आधी पाटबंधारे खात्याच्या पवनानगरच्या कार्यालयात फोन करून विसर्ग किती आहे आणि तो वाढवणार आहेत का, ते विचारा. बंधारे कुठे आहेत ते आदल्या दिवशी रस्त्याने जाऊन काठावरून बघून ठेवा. पोहता येत असलं तरी जॅकेट काढायचं नाही, आणि मुलाला होडीशी कधीही बांधायचं नाही.

(दृश्य: झडपा उघडल्यात. लेक होडीवर लोळून हवा काढतेय.)

घडी घालण्याआधी होडी पुसून कोरडी करा. ओली गुंडाळली तर आठवड्यात बुरशी धरते. आजोबांनी त्यासाठी घरून जुनं धोतर आणलं होतं.