मोरपिसाची पूड

(ठाण्यात एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विषय जाहीर झालाय तो फोटॉनिक क्रिस्टलचा, म्हणजे प्रकाशाची वाट ठरवणाऱ्या, ओळीने रचलेल्या अतिसूक्ष्म जाळीचा. तिकडे येतोच, पण आधी हे मोरपीस बघा. वहीत मोरपीस ठेवून, पिल्लू होईल म्हणून त्याला खडूची पूड कुणी कुणी घातली आहे? अर्धं सभागृह! मग आपलं जमेल.

नौपाड्यात आम्ही चाळीत राहायचो. पाचवीत होतो. मला पिसातला निळा काढून चित्रात भरायचा होता. आजीच्या खलबत्त्यात पीस बारीक कातरून घातलं आणि दुपारभर कुटलं. आजी वेलदोडे कुटायला आली तेव्हा खलात तपकिरी पूड होती. निळ्याचा कण नाही. पाणी घातलं, खोबरेल घातलं, तरी तपकिरीच. दुसऱ्या दिवशी पुडी बांधून शाळेत नेली. "बाई, रंग कुठे गेला?" बाई म्हणाल्या, "हे परीक्षेत येणार आहे का? बस खाली."

बाईंवर राग नाही. साठ मुलांचा वर्ग होता. पण तो प्रश्न खाली बसला, याचं मला आजही वाईट वाटतं. इथे शिक्षक बसलेत, त्यांना हात जोडून सांगतो, उत्तर येत नसलं तरी पुडी उघडून बघा. अख्खं शास्त्र त्या पुडीत होतं.

पिसात निळा रंग नसतोच. असतं ते मेलॅनिन, आपल्या केसांतलंच काळपट रंगद्रव्य. त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या ओळीने रचलेल्या असतात. निळ्या भागात दोन कांड्यांमधलं अंतर सुमारे १४० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), हिरव्यात १५०, पिवळ्यात १६५. प्रत्येक ओळीवरून थोडा प्रकाश परततो. ज्या तरंगलांबीच्या लाटा पावलाला पाऊल जुळवून परततात, तो रंग आपल्याला दिसतो. मी खलात रंग नव्हे, ती रचना कुटत होतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर, १९८७ साली एली याब्लोनोविच आणि साजीव जॉन या भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं की पिसातल्यासारखी रचना, म्हणजेच फोटॉनिक क्रिस्टल, तिन्ही दिशांनी केली, तर काही तरंगलांब्यांना आत थाराच मिळणार नाही. हा झाला बंदीचा पट्टा. खरी गंमत त्याच्या काठावर आहे, म्हणजे जिथे बंदी जेमतेम सुटते त्या तरंगलांब्यांत. साध्या काचेच्या लोलकात लाल आणि निळ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळेल ते ठरवणारा आकडा, जेमतेम एका टक्क्याने वेगळा, म्हणून रंग थोडेसेच फाकतात. क्रिस्टलमध्ये लाटा ओळीओळीवरून परतून एकमेकींत मिसळतात आणि त्या मिसळण्यावर प्रकाशाची वाट ठरते. काठाजवळ तरंगलांबी जराशी हलली की वाट पार बदलते. १९९८ साली जपानमध्ये हिदेओ कोसाका आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. नाव दिलं सुपरप्रिझम, म्हणजे महालोलक. तरंगलांबीत एक टक्क्याचा फरक, दिशेत जवळजवळ ५० अंशांचा! ऑप्टिकल फायबरमधून एकत्र धावणाऱ्या तरंगलांब्या एवढ्याशा जागेत वेगळ्या करता येतील, ही त्यामागची आशा. अडचण अशी की काठाजवळचा प्रकाश आत शिरतानाच बराचसा माघारी फिरतो.

वेळ संपली. पीस पहिल्या रांगेत देतोय. समोरून बघा, मग मागून मोबाइलचा टॉर्च लावून बघा, तपकिरी दिसेल. आणि परत द्या हं, आईच्या पोथीतलं आहे.