पहिला येण्याची शिक्षा

(सातारा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि सातारकर मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘पहिला येण्याची शिक्षा’ असा छापला गेला आहे, आणि तो वाचून दहावी-बारावीच्या मुलांचे पालक येऊन बसले असतील, तर त्यांची मी आधीच क्षमा मागतो. मला बोलायचे आहे ते जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेतल्या खडीच्या रस्त्यांवरील रॅलींविषयी, आणि त्यातही एका नियमाविषयी, जो कित्येक वर्षे माझ्या डोक्यात घोळतो आहे आणि ज्यावर जेवणाच्या ताटावर बोलायला मला घरात बंदी आहे.

ही स्पर्धा 1973 पासून भरते. सर्किटवरच्या शर्यतीप्रमाणे येथे गाड्या एकमेकींना खेटून पळत नाहीत. काही मिनिटांच्या अंतराने एकेक गाडी सुटते, रहदारी बंद केलेल्या रस्त्यावरचा टप्पा एकटीने पार करते आणि तिचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजला जातो. असे पंधरा-वीस टप्पे तीन-चार दिवसांत होतात, त्यांची बेरीज साधारण 300 किलोमीटर भरते, आणि एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत याच गाड्या साध्या रहदारीतून, सिग्नलला थांबत, वेगमर्यादा पाळत जातात. वेळतपासणीच्या नाक्यावर एक मिनिट उशिरा पोहोचले तर 10 सेकंदांचा दंड होतो आणि एक मिनिट लवकर पोहोचले तर पूर्ण एका मिनिटाचा. लवकर येणाऱ्याला सहापट दंड करणारी ही व्यवस्था आपल्या सभा-समारंभांना लागू केली, तरी कोणाच्या खिशाला फारशी झळ बसेल असे मला वाटत नाही.

आता खडीकडे वळतो. मुरमाचा कच्चा रस्ता पाहिला नाही असा माणूस या सभागृहात नसेल. खाली टणक थर असतो आणि वर सुटी खडी, आणि त्या खडीवर चाक आले की टायर जमिनीला धरतच नाही. पहिली गाडी ही खडी दोन्ही बाजूंना फेकत जाते, दुसरी तिच्याच चाकांच्या रेषेवरून जाते, आणि आठव्या-दहाव्या गाडीला खालचा टणक थर आयता उघडा मिळतो. किलोमीटरमागे अर्ध्या सेकंदाचा फरक पडला, तरी 20 किलोमीटरच्या एका टप्प्यात 10 सेकंद गेले असे समजा. नियम असा आहे, की रॅलीच्या पहिल्या मुख्य दिवशी अजिंक्यपदाच्या, म्हणजे वर्षभरातल्या रॅलींच्या, गुणतक्त्यात जो अव्वल असेल त्याने सर्वांत आधी निघायचे. मराठीत आपण चाकोरीबाहेर जाणाऱ्याला शाल-नारळ देतो; खडीवर मात्र प्रत्येकाला चाकोरीच हवी असते, आणि ती ज्याच्या चाकांनी पडते तो घड्याळात मागे राहतो.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. मी पंचविशीत असताना आतेभावाचे लग्न पाटण तालुक्यातल्या एका गावी होते आणि साताऱ्याहून वऱ्हाडाच्या तीन जीप निघाल्या. वाट मला माहीत आहे अशी फुशारकी मारून मी पुढे झालो, म्हणून नवरदेवही माझ्याच गाडीत बसला. गावाच्या अलीकडचे तीन-चार किलोमीटर ठेकेदाराने खडी पसरून, रोलर न फिरवता, तसेच सोडून दिले होते. मडगार्डच्या आतून खडी हलगीसारखी वाजू लागली, स्टिअरिंग उजवीकडे वळवले तरी जीप सरळच जात होती, आणि शेजारी बसलेले थोरले मामा प्रत्येक वळण संपल्यावर “आरं, वळण हाय बघ” असे मला सांगत होते. शेवटी उताराच्या एका वळणावर जीप कडेच्या ढिगावर चढली, खालून धाडकन आवाज आला आणि इंजिनाचा चेंबर फुटला. पांढऱ्या खडीवर काळ्या ऑइलची धार मी वाकून पाहत असतानाच मागच्या दोन्ही जीप, माझ्या चाकांनी साफ केलेल्या दोन पट्ट्यांवरून, गालिच्यावरून याव्यात तशा येऊन थांबल्या. नवरदेवाला त्यांनी उचलून नेले, मामाही गेले, आणि मी बाभळीखाली बसून राहिलो. संध्याकाळी एका ट्रॅक्टरने मला ओढत गावात नेले, तेव्हा शेवटची पंगतही उठून गेली होती. “तुझ्या चाकोरीतनं आम्ही मऊसूत आलो की,” हे वाक्य मी त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नात ऐकलेले आहे.

मामांचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. रॅलीत शेजारी बसणारा जोडीदार हा अर्धा स्पर्धक असतो. रॅलीपूर्वी दोघे मिळून प्रत्येक टप्प्यावरून मर्यादित वेगाने फक्त दोनदा जातात; चालक बोलतो, जोडीदार वहीत उतरवतो, बहुतेक जण वळणाच्या तीव्रतेला आकडा देतात. प्रत्यक्ष टप्प्यात जोडीदार मान खाली घालून पुढच्या एक-दोन वळणांच्या नोंदी वाचत जातो, त्यामुळे चढापलीकडचा रस्ता चालकाच्या कानात आधी येतो आणि डोळ्यांना नंतर दिसतो. फिनलंडच्या रॅलीत, औनिनपोह्यासारख्या टप्प्यावर, गाडी चढावरून हवेत उडते आणि खाली येण्याआधीच पुढच्या वळणासाठी वळलेली असावी लागते. तेथे मामा बसले असते तर काय झाले असते, याचा विचार मी रात्री करत नाही.

येथे केनियाच्या सफारी रॅलीबद्दल थोडे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण आपल्या लोकांना ते ठाऊकच नसते. ती 1953 पासूनची रॅली, आणि तिच्यावर भारतीय वंशाच्या दोघांनी राज्य केले. जोगिंदर सिंग यांनी ती 1965, 1974 आणि 1976 अशी तीनदा जिंकली. शेखर मेहता यांनी ती 1973 मध्ये जिंकली आणि पुढे 1979 पासून 1982 पर्यंत सलग चार वर्षे जिंकली. 1973 मध्ये तर मेहता आणि स्वीडनचे हॅरी शेलस्ट्रॉम यांचा दंड अखेरीस अगदी सारखा भरला, आणि जास्त अंतर दंडाशिवाय कोण गेले हे पाहून मेहतांना विजयी ठरवले गेले. चिखल, धूळ आणि रस्त्यात येणारी जनावरे यांतून हजारो किलोमीटर गेल्यावर बरोबरी व्हावी, हे...

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. सात मिनिटे उरली आहेत, म्हणजे जो मुद्दा मांडायला मी आलो तो आता पळत पळतच मांडावा लागेल.

या नियमाचा इतिहास थोडक्यात असा आहे. एके काळी रॅलीत आघाडीवर असलेल्यालाच दुसऱ्या दिवशी पुढे पाठवत, म्हणून दिवसाच्या शेवटच्या टप्प्यात चालक मुद्दाम वेळ घालवून आघाडी सोडून देत. हा तमाशा थांबवण्यासाठी 2012 मध्ये खडीच्या रॅलींपूर्वी एक पात्रता टप्पा आला, ज्यात जलद जाणाऱ्याने आपली जागा निवडायची; तोही टिकला नाही. 2015 आणि 2016 मध्ये गुणतक्त्यातल्या अव्वल चालकाला पहिले दोन्ही दिवस पुढे पाठवले गेले. तो चालक म्हणजे फ्रान्सचा सेबास्तियन ओजिए. त्याने उघड नाराजी व्यक्त केली आणि दोन्ही वर्षे अजिंक्यपदही जिंकले. 2017 पासून ही वेठ एका दिवसापुरती राहिली, आणि पुढच्या दिवसांत क्रम उलटा लावून आघाडीवीराला शेवटी सोडतात.

माझे म्हणणे असे, की हा नियम न्याय्य आहे आणि त्याला आता कोणी हात लावू नये. बैलगाडी शर्यतीसारख्या चिठ्ठ्या टाकाव्यात असे काही जण म्हणतात, पण त्यामुळे झाडू कोणाच्या तरी हातात राहतोच, फक्त तो नशिबाने ठरतो. आधी दोन-चार गाड्या फिरवून खडी बाजूला करावी, तर स्पर्धकांपुढे तपासणीच्या गाड्या आजही जातात आणि तेवढ्याने रस्ता साफ होत नाही. तोच टप्पा दुपारी पुन्हा घेतला, की त्याच चाकोऱ्यांचे खोल चर झालेले असतात आणि मागच्यांची चैन संपते. पाऊस पडला तर सगळे उलटे होते, पहिल्याला धुतलेला रस्ता मिळतो आणि मागच्यांना चिखल. वारा पडला तर धूळ हवेत लटकते आणि मागच्याला पुढचे दिसत नाही. रस्ता दर गाडीगणिक बदलतो, दोघांना सारखा रस्ता देता येत नाही, तेव्हा किंमत कोणी मोजायची एवढेच ठरवायचे उरते, आणि ज्याच्या गाठीला सर्वांत जास्त गुण आहेत त्याने ती एक दिवस मोजावी. 2011 मध्ये जॉर्डनची आणि 2024 मध्ये सार्डिनियाची, खडीवरच्या या दोन्ही रॅली 0.2 सेकंदांच्या फरकाने जिंकल्या गेल्या. पहिली ओजिएने जिंकली, दुसरीत एस्टोनियाच्या ओट तानाकने त्याला हरवले. इतक्या बारीक फरकात खडीने कोणाचे किती खाल्ले, याचा हिशेब मी वहीत मांडून आणला होता, पण दुसरी चिठ्ठी आली आहे.

प्रश्न असतील त्यांनी लिहून द्यावेत. जीपचा तो फुटका चेंबर मी आज बरोबर आणला आहे, तो बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवला आहे. मामांच्या बाजूचे कोणी आले असतील, तर त्यांनी तेवढे भोक पाहून जावे.