पट चौदाचा, मुलं चौदा

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते पाळणाघरांविषयी आणि बालवर्गांविषयी. तिथले परवाने, तिथली तपासणी, मुलांवर ठेवलं जाणारं लक्ष, हे सगळं. सुरुवात मात्र माझ्या एका चुकीपासून करते. या विषयातलं मला जे थोडंफार कळलं, ते तिथूनच कळायला लागलं.

तेव्हा मी तीन-चार वर्षांच्या मुलांचा वर्ग सांभाळत होते. त्या दिवशी हजेरी चौदाची. अंगणातला खेळ संपला, मुलं आत यायला लागली. शेजारच्या वर्गाचीही आत यायची तीच वेळ. मी दारात उभी राहून एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजलं. बारा, तेरा, चौदा. दार लावून घेतलं. हात धुवायला रांग लावली. तेवढ्यात नळापाशी उभ्या असलेल्या एका मुलीनं माझी बाही ओढली आणि म्हणाली, "ताई, हा आपला नाहीये."

खरंच आपला नव्हता. शेजारच्या वर्गातला एक पठ्ठ्या मित्राचा हात धरून आमच्या रांगेत घुसला होता. म्हणजे माझे तेराच होते. मग चौदावा कुठे? तो घसरगुंडीखालच्या बोगद्यात बसला होता. बुटाची चिकटपट्टी चर्र करून उघडायची, पुन्हा लावायची, पुन्हा उघडायची, असा उद्योग चालला होता त्याचा. मी धापा टाकत पोहोचले तर त्यानं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. पाच-सहा मिनिटं गेली असतील. त्याला काही झालं नाही. ती काही आमची पुण्याई नव्हे. फाटकाला कडी होती आणि पोराला बुटात गंमत वाटत होती, इतकंच.

लहानपणी आपण ती दहा जणांची गोष्ट ऐकलेली असते. नदी ओलांडून आले, मोजायला लागले, प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतोय, नऊच भरतायत, आणि सगळे मिळून दहाव्यासाठी गळा काढतायत. आपण त्यांना मूर्ख म्हणतो. पण निदान हिशेब चुकला म्हणून ते थांबले तरी! माझा हिशेब बरोबर आला होता. आणि बरोबर आलेला हिशेब कोण कशाला पुन्हा तपासेल?

त्या दिवसापासून मी आकडा मोजणं सोडलं. पट हातात घ्यायचा, नाव घ्यायचं, त्या नावाचा चेहरा बघायचा, मगच खूण करायची. बाहेर जाताना एकदा, बाहेर पोहोचल्यावर एकदा, आत येताना आणि आत आल्यावर. कंटाळवाणं काम आहे. पण मुलं सांभाळण्यातली बरीचशी कामं अशीच कंटाळवाणी असतात आणि त्यातच सगळं असतं.

पुढे मी तपासणीच्या कामात आले. टेबलाच्या पलीकडे गेले म्हणा ना. तपासनीस म्हटलं की लोकांना वाटतं, हा रजिस्टर चाळणार आणि सही ठोकून निघून जाणार. तसे असतात, नाही असं नाही. पण मन लावून तपासणी करणारा माणूस आधी गुडघ्यावर बसतो. मुलाच्या उंचीवरून खोली वेगळीच दिसते. टेबलाचा कोपरा डोळ्यासमोर येतो. बिजागरीकडची फट दिसते. आपण दार उघडतो ते कडीच्या बाजूनं, बोटं सापडतात ती बिजागरीत. भिंतीला न ठोकलेलं पुस्तकांचं कपाट दिसतं. त्याचे कप्पे आपल्याला कप्पे वाटतात, दोन वर्षांच्या मुलाला ती शिडी वाटते.

कठड्यांच्या आणि खेळण्यांच्या फटींचं एक गणित आहे, ते ऐकून पालक नेहमी चकित होतात. मोठी फट धोक्याची आणि लहान फट बरी, असं ते सरळ नसतं. साधारण ९ सेंटिमीटरपासून २३ सेंटिमीटरपर्यंतची फट सगळ्यांत वाईट. का, तर लहान मूल त्यातून पाय घालतं, अंग सरकवतं, अंग निघून जातं आणि डोकं अडकतं. मूल लोंबकळत राहतं. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, म्हणून हे होतं. आणि म्हणूनच बादलीही धोक्याची. बादलीत वाकलेलं मूल डोक्याच्या भारानं आत जातं आणि त्याला परत वर येता येत नाही. चार-पाच सेंटिमीटर पाणीसुद्धा पुरतं. आवाज होत नाही, आरडाओरडा होत नाही. फरशी पुसून झाली की बादली लगेच रिकामी करून पालथी घालायची, एवढ्या एका सवयीवरून मी एखाद्या ठिकाणाबद्दल बरंच काही ओळखते.

तसाच तो गोल चपटा सेल. गाणं म्हणणाऱ्या खेळण्यात, रिमोटमध्ये, घड्याळात असतो तो. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. सेल फुटायलाही लागत नाही. ओल्या जागी त्यातून वीज वाहते आणि तिथेच दाहक क्षार तयार होतो. त्यामुळे खेळण्याच्या मागचं झाकण स्क्रूनं घट्ट बसवलेलं आहे की नुसतं सेलोटेपनं चिकटवलंय, हे बघावंच लागतं.

आता मुद्द्यावर येते. एवढं सगळं तपासलं, सगळं बरोबर निघालं, तरी ती त्या दिवसाची, त्या तासाची गोष्ट असते. मेक्सिकोतल्या एर्मोसियो शहरात ५ जून २००९ रोजी एका पाळणाघराला आग लागली आणि ४९ मुलं गेली. ते पाळणाघर गोदामाच्या इमारतीत थाटलेलं होतं. आग लागली ती त्याला लागून असलेल्या गोदामात, सरकारी कागदपत्रं ठेवलेल्या भागात. तिथून ती छताखालून इकडे आली. बाहेर पडायला धड वाटा नव्हत्या. एकानं आपली गाडी भिंतीवर घालून भगदाडं पाडली, तेव्हा कुठे आणखी मुलं बाहेर काढता आली. आणि या पाळणाघरानं थोड्याच दिवसांपूर्वी तपासणी पार केलेली होती. २०११ साली त्या देशात बालसंगोपन केंद्रांसाठी स्वतंत्र कायदा झाला, मुलं गमावलेल्या आईबापांनी लावून धरलं म्हणून. मी जेव्हा जेव्हा एखाद्या केंद्रात जाते, तेव्हा हल्ली एक प्रश्न न चुकता विचारते: या भिंतीच्या पलीकडे काय आहे? अर्ध्या वेळा कुणालाच माहीत नसतं.

आधी न कळवता तपासणी करावी, हे आता बऱ्याच ठिकाणी मान्य झालंय. अमेरिकेत २०१४च्या केंद्रीय कायद्यानं सरकारी मदत घेणाऱ्या परवानाधारक केंद्रांची वर्षातून निदान एक तपासणी अशी अचानक झालीच पाहिजे असं ठरवलं, आणि तिचा निकाल पालकांना घरबसल्या इंटरनेटवर वाचता आला पाहिजे असंही. चांगलं आहे. पण अचानक जाऊनसुद्धा आम्ही जातो कधी? सकाळी अकराला. मुलं गोलात बसून गाणी म्हणत असतात. त्या वेळी कुठलंही पाळणाघर आदर्शच दिसतं!

मुलं निसटतात ती उंबरठ्यावर. खोलीतून अंगणात, अंगणातून खोलीत, गाडीतून फाटकात. आणि सगळ्यांत फसवी वेळ संध्याकाळची. आई न्यायला येते. ताईला वाटतं, आता आई आली, ती बघेल. आई बाकाखाली दुसरा बूट शोधत असते, तिला वाटतं, अजून आपण केंद्रातच आहोत, ताई बघतेय. दोन मोठी माणसं हाकेच्या अंतरावर, आणि मूल कुणाच्याच ताब्यात नाही. म्हणून मी नंतर नंतर माझी वेळ बदलली. खेळाची सुट्टी संपताना किंवा मुलं घरी जाताना जायचं, दारापाशी गुपचूप उभं राहायचं. दहा मिनिटांत जे दिसतं, ते दोन तास फायली चाळून दिसत नाही.

किती मुलांमागे एक माणूस, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. विचारायलाच हवा. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस लागतं. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण एकास चार होतं, सप्टेंबर २०२३पासून ते एकास पाच केलं आणि त्यावर बराच वाद झाला. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांखाली एकास चार. पण हे प्रमाण कागदावर सबंध दिवसाचं असतं आणि मूल पडतं ते एका मिनिटात. दोन ताई आणि आठ मुलं, प्रमाण चोख. त्यातली एक ताई लंगोट बदलायला गेली, की दुसरीकडे सात मुलं. तेवढ्यात फोन वाजला, ती उचलायला वळली, की सात मुलांमागे एक पाठ. तेव्हा प्रश्न थोडा बदलून विचारा: तुमच्यातलं एक जण जेवायला किंवा बाथरूमला गेलं, की खोलीत कोण येतं?

आणि खोलीत असणं म्हणजे लक्ष असणं नव्हे. हे मी पाहिलेलं सांगते. अंगणात तीन ताया. तिघी एकाच झाडाखाली, गप्पा रंगलेल्या. तीन माणसं होती, नजर मात्र एकच. दुसऱ्या एका ठिकाणी दोघीच होत्या. एक झोक्याजवळ, एक त्या घसरगुंडीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथून तो आडोसा दिसतो. दोघींची तोंडं मुलांकडे, भिंतीला पाठ. एकमेकींशी बोलत होत्या, पण मान सारखी फिरत होती. मधेच एक जण चालायला लागली. मी बघितलं, तिकडे काहीच नव्हतं. ती पोहोचेपर्यंत दोन मुलं एकाच तीनचाकीला भिडली होती. "मला आधीच दिसलं होतं," ती म्हणाली, "तो मघापासून तिच्याकडे टक लावून बघत होता." हे कुठल्या रकान्यात लिहायचं? आमच्या फॉर्मात तसा रकानाच नाही.

कानही तसेच लागतात. गोंगाट असला की बरं. अचानक शांत झालं की उठून बघायचं. हे कुठल्याही आईला सांगावं लागत नाही.

झोपेच्या वेळी मात्र शांतता हवीच असते, आणि म्हणून ती वेळ अवघड. तान्ह्या बाळाला पाठीवरच झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर, आजूबाजूला उशी नको, मऊ खेळणं नको, तोंडावर पांघरूण येईल असं काही नको. अमेरिकेत १९९४ साली हा पाठीवर झोपवण्याचा प्रचार सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पण पाळणाघरात मी बघते ते आणखी एक. खोलीत उजेड किती आहे? मुलं झोपावीत म्हणून जाड पडदे ओढून काळोख करतात. ओठांचा रंग दिसला नाही, छाती हलतेय का ते दिसलं नाही, तर दर दहा मिनिटांनी पाहून केलेल्या खुणांना काय अर्थ?

ने-आण करणाऱ्या गाडीबद्दल थोडक्यात सांगते. बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे ११ अंश सेल्सियसनं चढू शकतं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. गाडीत कुणी मूल राहून जाऊ नये म्हणून काही बसमध्ये इंजिन बंद केलं की भोंगा वाजतो, आणि तो थांबवायचं बटण मुद्दाम सगळ्यांत मागच्या आसनापाशी बसवतात. ते दाबायला चालकाला शेवटपर्यंत चालत जावंच लागतं. मला ही युक्ती फार आवडते. माणसाच्या आठवणीवर तिचा काडीचा विश्वास नाही.

तुम्ही पालक असाल तर भिंतीवर टांगलेला परवाना खरोखर वाचा. नुसता आहे म्हणून समाधान मानू नका. किती मुलांचा आहे, कोणत्या वयाच्या, कधीपर्यंतचा, ते बघा आणि मग खोलीतली मुलं मोजा. मागचे तपासणी अहवाल मागा. एखादी त्रुटी निघाली म्हणून घाबरू नका. बरीच वर्षं एकही शेरा नसलेला अहवाल पाहिला की मलाच संशय येतो. बघायचं ते हे, की तोच शेरा पुन्हा येतोय का. "फाटकाची कडी सैल" हे सलग तीन तपासण्यांत लिहिलेलं असेल, तर तिथे कुणी अहवाल वाचत नाही.

आणि विचारा, की काही झालं तर आम्हाला कधी सांगता? खरचटलं, चावलं, पडलं, याची वही असते. ती वही कोरी असेल तर तिथली मुलं फार गुणी आहेत असं समजू नका.

त्या बोगद्याच्या दिवशी आमच्यात चर्चा झाली होती, सांगायचं का म्हणून. मूल सुखरूप आहे, कशाला उगाच घाबरवायचं? मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. शेवटी वहीत लिहिलं. वेळ लिहिली, किती मिनिटं ते लिहिलं, कुणी मोजलं तिथे माझं नाव लिहिलं. संध्याकाळी त्याची आई आली, तेव्हा तिला सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "कुठला बोगदा?" मी दाखवला. ती पिशवी खाली ठेवून गुडघ्यावर बसली आणि वाकून आत डोकावून बघत राहिली. मुलगा तिच्या पाठीवर चढून तिला सांगत होता, आत किती मजा येते ते.

नमस्कार.