माले दोन भाऊ शेतस

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या विषयावर बोलायला मला बोलावलंय, तो कागदावर फार जड दिसतो. कुटुंब, शाळा, सवंगडी, प्रसारमाध्यमं आणि मुलांचा सामाजिक विकास. मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या खेड्यांत. त्यामुळे हा विषय काढला की मला आधी एक वाक्य आठवतं, आणि ते वाक्य आहे एका सहा वर्षांच्या पोराचं.

जूनचा महिना, पहिलीचा वर्ग. मी एकेकाला उभं करून घरात कोण कोण आहे ते विचारत होते. एक पोऱ्या उठला. चड्डीचं बटण तुटलेलं, म्हणून ती एका हातानं धरलेली. खणखणीत आवाजात म्हणाला, "माले दोन भाऊ शेतस."

वर्ग फिसकन हसला. मीही हसले. मनात वाईट काही नव्हतं, पण हसले. वर म्हटलं, "मला दोन भाऊ आहेत, असं म्हणायचं." तो खाली बसला, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या पोरानं वर्गात आपणहून तोंड उघडलं नाही.

माझं ते हसणं मला आजही टोचतं. पण कोडं पडतं ते पोरांच्या हसण्याचं. कारण त्या वर्गात जवळजवळ सगळ्यांच्या घरी अहिराणीच, आमच्या खान्देशातली बोली. तासाभरापूर्वी आईला "माले भूक लागनी" म्हणून भाकरी खाऊन आलेली पोरं ती! शाळा सुरू होऊन आठवडा झाला नव्हता. तेवढ्यात, कुणी न शिकवता, त्यांना कळून चुकलं होतं की या चार भिंतींच्या आत आपली घरची भाषा हसण्यावारी न्यायची असते.

मुलं अशीच शिकतात, आपण शिकवतो त्यापेक्षा आपलं बघून जास्त. १९६१ मध्ये अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुलं घेऊन एक प्रयोग केला. हवा भरलेली, बुडाशी जड असलेली मोठी बाहुली, पाडली तरी पुन्हा उभी राहणारी. काही मुलांसमोर एक मोठं माणूस त्या बाहुलीला बदडत होतं, काही मुलांसमोर तेच माणूस गपचूप खेळत बसलं होतं. नंतर मुलांना खेळण्यांच्या खोलीत सोडलं. ज्यांनी मारहाण पाहिली होती त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी बाहुलीला तसंच बदडलं, आणि मोठ्या माणसाच्या तोंडचे शब्दसुद्धा जसेच्या तसे उच्चारले. पुढे १९६३ मध्ये तोच प्रकार पडद्यावर दाखवला, तरी मुलांनी तेच केलं. "मारा" असं त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं.

तर माझ्या वर्गातल्या पोरांनी हसणं कुणाचं पाहिलं होतं? घरच्यांचंच, असं मला पुढे दिसत गेलं. पालकसभेला बाई यायची, दाराबाहेर मैत्रिणीशी मोकळं अहिराणीत बोलायची, आणि उंबरा ओलांडला की लेकराच्या दंडाला चिमटा काढून म्हणायची, "मॅडमसमोर नीट बोल." हे 'नीट' फार महाग पडतं. धुळ्या-जळगावच्या कॉलन्यांमध्ये तर नवरा-बायको आपसात अहिराणी बोलतात, आणि पोराकडे वळले की प्रमाण मराठी. आजी एकटी अहिराणीवर राहते. पोर मुकाट्यानं हिशेब करतं. आजीची भाषा पाहुण्यांसमोर बोलायची नाही, म्हणजे पाहुणे आले की आजीनं आतल्या खोलीत बसायचं. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या गटात, ज्यात अहिराणीही येते, १८ लाखांवर लोकांची मातृभाषा नोंदली गेली. बोलणारे याहून कितीतरी जास्त असणार. कारण नोंदणीवाला दारात आला की आपणही 'नीट' बोलतो.

घराचं शिकवणं बहुतेक असंच न बोलता चालतं. कानबाईचंच घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई ही देवी बसते. पुण्या-सुरतेला गेलेली सगळे भाऊबंद परत येतात. वर्षभर तोंड न पाहणारे चुलतभाऊ एका पंगतीला बसतात. पोरांना इथे कळतं की आपण चार जणांचे नाही, चाळीस जणांचे आहोत. हे शहाणपण कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. पण रोटासाठी, म्हणजे कानबाईच्या नैवेद्यासाठी, धान्य काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घेतात, पाळण्यातल्या पोराच्या नावानंसुद्धा. माझी पुतणी पाच वर्षांची असताना माझ्या सासूबाईंच्या मांडीला टेकून हे बघत बसली होती. सगळ्या मुठी झाल्या आणि तिनं विचारलं, "मन्ही मूठ?" सासूबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "तू लगीन करीसन जाशी ना." पोरगी गप्प झाली. आम्ही सगळ्या जणी तिथेच होतो, आमच्यापैकीही कुणी काही बोललं नाही. मुलगा आणि मुलगी समान, हा धडा मी शाळेत दरवर्षी शिकवत होते बरं का.

आता शाळेकडे येते. खान्देशात शाळेविषयी बोलायचं आणि साने गुरुजींचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले, मूळचे कोकणातल्या पालगडचे. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलं वर्गात गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, कंदिलाच्या काचा पुसून ठेवायचे. 'स्वच्छता राखा' असं न म्हणता. काही दिवसांत मुलंच लाजून झाडू उचलायला लागली. बांडुराच्या बाहुलीच्या किती आधीची ही गोष्ट! आणि याच छात्रालयात गुरुजी हातानं लिहून एक दैनिक काढायचे, 'छात्रालय' नावाचं. जगातल्या घडामोडी, गोष्टी, कविता, मुलांच्या चुका आणि त्यांचं कौतुक, सगळं त्यात. पोरांच्या हातात काय वाचायला पडतं याची काळजी तेव्हाही होती. फरक एवढाच की ते दैनिक लिहिणारा माणूस वाचणाऱ्या प्रत्येक पोराला नावानं ओळखत होता.

गुरुजींसारखं होणं आपल्या आवाक्यातलं नाही, हे मान्य. निदान हसू तरी नये. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २०१० पासून लागू आहे, त्यातलं १७ वं कलम मुलांना मारायलाही मनाई करतं आणि मानसिक त्रास द्यायलाही. छडी गेली, चांगलं झालं. पण चाळीस पोरांसमोर एकाच्या बोलण्यावर ओठ मुडपून हसणं कुठल्या दप्तरात नोंदवणार?

आणि अहिराणी तरी मराठीची जवळची. नंदुरबार जिल्ह्यात, वर धडगाव-अक्कलकुव्याकडे जा. तिथलं पोर पावरी नाहीतर भिली बोलत पहिलीत येतं. त्याला 'इकडे ये' हेसुद्धा नवं. त्यातून आश्रमशाळा असेल तर सहाव्या वर्षी घर सुटतं. होळीला, दिवाळीला तेवढी आई दिसते. आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत गेले तर तीही नाही. अशा पोराला आधार कोण? वरच्या वर्गातलं, त्याच्याच पाड्यावरचं दुसरं पोर. अंघोळीला तेच नेतं, बाईंचं बोलणं तेच उलगडून सांगतं.

सवंगड्यांबद्दल मात्र मला जरा सवडीनं बोलायचंय, कारण आपण मोठी माणसं त्यांना फार कमी लेखतो. "कुणाच्या संगतीत असतोस रे?" एवढाच आपला त्यांच्याशी संबंध. माझा तो दोन भावांवाला पोऱ्या वर्गात मुका होता, पण मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून बघायची. क्रिकेटमध्ये मैदानावरचा न्यायनिवाडा त्याच्याकडे. भिंतीला थेट लागला तर आउट, गटारीत गेला तर दोनच रन, ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग पण सलग दोनदा नाही. हे कायदे कुणी केले? पोरांनीच. आणि ते मोडणाऱ्याला शिक्षाही पोरंच करायची: उद्या खेळायला घ्यायचं नाही. यापेक्षा मोठी शिक्षा त्या वयात नसते.

त्यांच्याच कायद्यातलं एक कलम मला फार आवडतं, कच्चा लिंबू. धाकटा भाऊ शेपटासारखा मागे आलेला असतो. त्याला खेळवायचं तर खेळ बिघडतो, हाकलायचं तर तो घरी जाऊन रडतो आणि मोठ्याला बोलणी बसतात. मग तो कच्चा लिंबू. आउट झाला तरी आउट नाही, पण त्याला वाटतं आपण खेळतोय. वर्ष-दोन वर्षं तो असा कडेकडेनं पिकतो, आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, "आता याला खरा घ्या." त्या दिवशी तो पहिल्याच चेंडूवर आउट होतो आणि तरी छाती फुगवून घरी येतो. १९३२ मध्ये मिल्ड्रेड पार्टेन या बाईंनी लहान मुलांच्या खेळाची निरीक्षणं प्रसिद्ध केली. आधी मूल एकटं खेळतं किंवा नुसतं बघत बसतं, मग इतरांच्या शेजारी बसून पण आपापलं, आणि त्यानंतर कुठे सगळ्यांत मिळून. आपल्या गल्लीनं त्या अधल्यामधल्या पायरीला चक्क नाव देऊन ठेवलंय.

सवंगड्यांचं बळ किती असतं ते नंदुरबारला विचारा. ९ सप्टेंबर १९४२ ला स्वातंत्र्याच्या मोर्चात शिरीषकुमार मेहता इंग्रजी राजवटीच्या पोलिसांच्या गोळीला सामोरा गेला तेव्हा सोळावंही पुरं झालं नव्हतं. त्याच्यासोबत चार साथीही पडले. "नहीं नमशे, नहीं नमशे" ही त्या मोर्चाची घोषणा शिरीषच्या घरच्या भाषेत होती, गुजरातीत. तिथे कुणाला त्या भाषेचं हसू आलं नाही.

राहिला मोबाइल. त्याला शिव्या द्यायला आजकाल सगळेच तयार असतात, म्हणून मी थोडक्यात आटोपते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नका, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको. आमच्याकडे घासागणिक मोबाइल दाखवून वरणभात भरवतात. पडद्यात काय असतं, यापेक्षा मला चिंता वेगळी वाटते. कार्टून पोराशी तासन्‌तास बोलतं, पण पोर उलट बोललं तर ते ऐकत नाही. ते रुसत नाही, "उद्या तुले खेळाले लेवाव नही" म्हणत नाही. भांडण मिटवायची सवय लागणार कशी? आणि हो, ही कार्टून बघणारी पोरं एकमेकांना "बचाओ, बचाओ" म्हणत हिंदीत खेळतात, ही तक्रार आता धडगावपासून रावेरपर्यंत ऐकू येते.

पण याच मोबाइलनं एक अजब गोष्ट केली, तीही सांगायला हवी. यूट्यूबवर अहिराणी गाणी आली आणि कोट्यवधी वेळा पाहिली गेली. हळदीला डीजे लागला की इंग्रजी शाळेतलं पोरगंसुद्धा अहिराणीवर नाचतं, शब्दन्‌शब्द पाठ असतो. जे मला ३४ वर्षांत जमलं नाही ते त्या डीजेनं केलं. तरी माझं समाधान होत नाही. नाचायला अहिराणी आणि अर्ज लिहायला मराठी, अशी वाटणी पोरांच्या डोक्यात पक्की होते आहे.

त्या पोऱ्याचं पुढे काय झालं, ते राहिलंच. दिवाळीनंतर मी फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे आई, मुलगी, इथे, तिथे. दुसरीकडे पोरांनी सांगायचं: माय, आंडेर, आठे, तठे. वर्ग दणाणून गेला. तो बोलला का? बोलला. पण जूनमधल्या त्या आवाजात नाही, माझ्याकडे बघत, एकेक शब्द चाचपून. तो आवाज मला परत ऐकायला मिळाला नाही.

गेल्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गोष्ट. शेजारच्या आजींचा नातू सुरतेहून आला होता. बाप तिकडे लूमवर कामाला. सात वर्षांचा असेल. घरात मोबाइल घेऊन बसायचा, म्हणून आजींनी तो काढून घेतला आणि पोराला गल्लीत ढकललं. तो खेळणाऱ्या पोरांपाशी जाऊन म्हणाला, "मेरेको भी खेलना है." पोरं त्याच्याकडे बघत राहिली. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "हाऊ कच्चा लिंबू." बस्स, विषय संपला. पहिला दिवस तो कडेला उभा. दुसऱ्या दिवशी चेंडू आणायला गटारीकडे पळत होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, तर गल्लीत आरडाओरडा, आणि सगळ्यांत वरचा आवाज त्याचा: "आउट नही शे, आउट नही शे!"

तेवढ्यात आजींनी दारातून हाक मारली, "जेवाले ये रे." त्यानं मागे न बघताच ओरडून सांगितलं, "येस वं माय!"

हे त्याच्या शाळेतलं इंग्रजी येस, की आपलं 'येतो' म्हणायचं येस, मला काही कळलं नाही. आजी मात्र ताट वाढायला आत गेल्या.