बार्शीची नोंदवही

[कच्चा रस्ता. जीप गावात शिरते.]

बार्शी, परांडा, भूम. दोन जिल्ह्यांतले तीन तालुके, 346 गावं. 1987 मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं इथे कर्करोगाची नोंदणी सुरू केली. मुंबईत अशी नोंदणी 1963 पासून होती, पण ती शहरापुरती. खेड्यांसाठीची देशातली ही पहिलीच.

[नोंदवही. ओळीवरून सरकणारं बोट.]

शहरात नोंदणी करणारा माणूस दवाखान्यांतून फिरतो आणि केसपेपर उतरवून घेतो. इथे रोगी दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हता, मग उतरवणार काय? डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांच्या गटानं पद्धतच फिरवली. कार्यकर्ते गावात जाऊ लागले.

[मारुतीच्या पारावर बायका. कार्यकर्ती बोलते आहे.]

सरपंच, शिक्षक, बायकांची बैठक. तोंडातली जखम भरत नाहीये का? छातीत गाठ लागते का? पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जातंय का? हा शेवटचा प्रश्न चारचौघांत विचारणं सोपं नाही; बाई बाजूला नेऊन सांगते. संशय आला की तपासणीला बार्शी. गावातल्या मृत्यूंचीही चौकशी होते. शिवाय सोलापूर, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांतली नावं आणून ताडून पाहायची. एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं, बाई एकच. दोनदा मोजली तर आकडा खोटा, सुटली तरी खोटा. यंत्राला देणगीदार मिळतो, त्यावर नावाची पाटी लागते. या ताडणीच्या कामाला पाटी कोण लावणार?

मोजायला गेलेल्यांच्या विचारपूशीनं आणखी एक झालं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या.

[शिबिर. रांग. नमुन्यांच्या बाटल्या.]

गावागावांत ओळख झाली होती, म्हणूनच पुढचं धाडस जमलं. 1999 पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांमध्ये याच कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. सोबत मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था. गावांचे गट पाडले. एका गटात हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्यात अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांत एचपीव्ही गटात या कर्करोगानं 34 मृत्यू, चौथ्या गटात 64. चाचणी एकदाच झाली होती! 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. चौथ्या गटाला तपासणीविना का ठेवलं, हा प्रश्न पुढे विचारला गेला, आणि तो रास्तच होता.

[प्रशिक्षण वर्ग. बायका वहीत आकृती काढताहेत.]

हे करायला डॉक्टरच हवा असं नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलनं दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना डोळ्यांनी पाहण्याची ही तपासणी शिकवली. पांढरा डाग दिसला की पुढे पाठवायचं. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या. त्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. उस्मानाबादेत याच पद्धतीनं मृत्यू फारसे घटले नव्हते; पण तिथे फेरी एकच झाली होती.

[पडद्यावर डॉक्टरांचे चेहरे. मधोमध स्कॅन.]

2012 मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कर्करोग संस्थांचं जाळं, उभं राहिलं. टाटा मेमोरियल त्याचा समन्वय पाहतं, 300 हून अधिक संस्था त्यात आहेत. अवघड केस ऑनलाइन ट्यूमर बोर्डापुढे मांडता येते: सर्जन, किरणोपचार तज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट एकाच वेळी पाहतात आणि उपचार ठरतो. किरणोपचाराचे आठवडे, बुडालेली मजुरी, ते ज्याचं त्यानं निभवायचं.

बोर्डापुढे केस जाते ती सापडल्यावर. सापडवणारी माणसं ग्रिडकडून येत नाहीत. जिल्ह्याला ती नेमावी लागतात, शिकवावी लागतात आणि दर महिन्याला पगार देऊन टिकवावी लागतात.