मत द्यायचं, नाव द्यायचं नाही

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेतल्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत निवडणूक जवळ आली की एक प्रश्न हमखास निघतो. उपासना संपते, चहाचे कप हातात येतात आणि कुणीतरी विचारतं, "मग तुम्ही कुठले? रिपब्लिकन की डेमोक्रॅट?" आज याच प्रश्नावर बोलायचंय, आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ख्रिस्ती माणसानं मत जरूर द्यावं, पण दोन्हींपैकी कुठल्याही पक्षाचा होऊ नये. मत आपलं आहे, ते द्यावं. ख्रिस्ताचं नाव आपल्या मालकीचं नाही, ते कुणाला देता येत नाही. मत द्यायचं, नाव द्यायचं नाही.

कारण साधं आहे. पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला पोटातलं बाळ आणि दाराशी आलेला परका हे दोन वेगळे विषय वाटत नाहीत. स्तोत्र १३९ आईच्या उदरात घडणाऱ्या जिवाबद्दल बोलतं. लेवीयचा १९वा अध्याय सांगतो, परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. अमेरिकेतल्या पक्षांनी मात्र यातला एक विषय इकडे घेतला, दुसरा तिकडे: पोटातलं बाळ रिपब्लिकनांनी, दाराशी आलेला परका डेमोक्रॅटांनी. ही वाटणी फार जुनीही नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गर्भपाताच्या बाजूचे आणि विरोधातले लोक दोन्ही पक्षांत होते. म्हणजे आज मुलांना आपण जे 'आपलं' म्हणून शिकवतो, त्यातलं बरंच प्रचाराच्या कचेरीत ठरलेलं आहे. आणि एकदा पक्षाचं झालं, की आपल्या पक्षाची चूक दिसली तरी जीभ अडखळते. खरं नुकसान तिथे होतं.

यहोशवाच्या ५व्या अध्यायाच्या शेवटी तीनच वचनं आहेत. यरीहोजवळ यहोशवाला उपसलेली तलवार घेतलेला पुरुष दिसतो. यहोशवा विचारतो, तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? उत्तर येतं, नाही, मी परमेश्वराच्या सैन्याचा सेनापती म्हणून आलोय. म्हणजे तो दोन्हींपैकी कुठल्याच बाजूचा नव्हता. यहोशवा पालथा पडतो आणि पायातलं पायतण काढतो. संडे स्कूलमध्ये आपण पुढच्या अध्यायातला यरीहोचा तट पाडतो, कर्णे वाजवतो, पण ही तीन वचनं गाळतो.   

आता ती गोष्ट, जी मला दर निवडणुकीला सांगाविशी वाटते. अमेरिकेतले नावाजलेले सुवार्तिक बिली ग्रॅहम यांची.

१४ जुलै १९५०. कोरियाचं युद्ध सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. ३१ वर्षांचे ग्रॅहम आपल्या तीन सहकाऱ्यांसह व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमनना भेटायला गेले. कपडे कसे? आइस्क्रीमच्या रंगाचे सूट, हातानं रंगवलेले टाय आणि पांढरे बूट. ट्रूमन यांचा पांढऱ्या बुटांतला फोटो पाहिला होता, म्हणून बूट तसे. भेट थोडा वेळच चालली. ग्रॅहमनी त्यांच्या विश्वासाबद्दल विचारलं. ट्रूमन म्हणाले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाप्रमाणे वागायचा प्रयत्न करतो. शेवटी ग्रॅहमनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून प्रार्थना केली.

इथवर सगळं ठीक होतं. बाहेर वार्ताहर उभे होते. राष्ट्राध्यक्ष काय म्हणाले? ग्रॅहमनी सांगून टाकलं. प्रार्थना कशी केलीत? तेही सांगितलं. फोटोवाले म्हणाले, आम्हाला दाखवा ना. आणि चौघंही हिरवळीवर गुडघे टेकून बसले. खोलीच्या आत देवाशी केलेलं बोलणं दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आलं. ट्रूमन भयंकर संतापले, पुन्हा म्हणून बोलावलं नाही. ट्रूमन निवृत्त झाल्यावर ग्रॅहम त्यांची माफी मागून आले.

तरुण वय, उत्साह, चूक झाली, म्हणू या. पण पुढचं ऐका. रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन हे ग्रॅहम यांचे जुने मित्र. निक्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि जानेवारी १९६९ पासून व्हाइट हाउसच्या दालनातच रविवारची उपासना भरू लागली. पहिलं प्रवचन ग्रॅहमचं. मग २८ मे १९७०. टेनेसीत नॉक्सव्हिल इथे विद्यापीठाच्या स्टेडियमवर ग्रॅहमची सुवार्ता सभा होती, आणि व्यासपीठावर बोलायला निक्सन. त्याच महिन्याच्या ४ तारखेला केंट स्टेट विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरोधी निदर्शनांत चार विद्यार्थी गोळीबारात मेले होते. स्टेडियममध्ये काही लोक फलक घेऊन उभे राहिले. फलकावर दहा आज्ञांमधलीच आज्ञा होती, खून करू नको. त्यांना पकडलं. आरोप काय ठेवला? धार्मिक उपासनेत व्यत्यय आणल्याचा.

हे पुन्हा सांगतो. देवाची आज्ञा लिहिलेला फलक धरला, म्हणून देवाच्या उपासनेत अडथळा आणल्याचा आरोप. व्यासपीठावर राष्ट्राध्यक्ष बसले की उपासना कुणाची, हे पोलिसांनाही कळेनासं होतं.

३० एप्रिल १९७४ला वॉटरगेट घोटाळ्यात गाजलेल्या, निक्सन यांच्या कचेरीतल्या बोलण्याच्या टेपमधली संभाषणं छापून बाहेर आली. मित्राच्या तोंडची ती भाषा वाचून ग्रॅहमना अक्षरशः मळमळलं. ऑगस्टमध्ये निक्सननी राजीनामा दिला. आणि २००२ साली १९७२ची एक टेप उघड झाली. त्यात निक्सनबरोबर ज्यू लोकांबद्दल वाईट बोलणारा आवाज खुद्द ग्रॅहमचा होता. ८३ वर्षांच्या माणसाला जाहीर माफी मागावी लागली. २०११च्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं, पुन्हा संधी मिळाली तर राजकारणापासून लांब राहीन.

आणि या सगळ्या काळात मतदार नोंदणीच्या अर्जातल्या पक्षाच्या रकान्यात ग्रॅहम यांची नोंद कुठे होती? डेमोक्रॅटिक पक्षात! जन्मभर. म्हणजे कागदावरच्या रकान्यानं त्यांना वाचवलं नाही. नाव ज्याला दिलं, त्याचंच ते झाले. म्हणून म्हणतो, मत द्यायचं, नाव द्यायचं नाही.

तरी कागदाचंही सांगतो, कारण तिथे गफलत होते. टपालानं नोंदणी करायच्या केंद्रीय अर्जात ७वा रकाना पक्षाचा असतो. अपक्ष राहायचं तर तिथे पक्ष नाही असं लिहा. कॅलिफोर्नियात त्यासाठी 'नो पार्टी प्रेफरन्स' हा पर्याय आहे. तिथल्या यादीत 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी' असंही नाव दिसतं. नाव वाचून हजारो लोक तिथे खूण करतात आणि आपण अपक्ष आहोत असं समजतात. तो अपक्षांचा रकाना नाही. १९६७ साली काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याचे कट्टर समर्थक जॉर्ज वॉलेस यांच्या उमेदवारीसाठी काढलेला तो पक्ष आहे.

अपक्ष राहण्याची किंमतही मोजावी लागते. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडात पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी (प्रायमरी) बंद असते, नोंदलेल्या सदस्यांनाच त्यात उमेदवार निवडता येतो. बऱ्याच जागांचा निकाल तिथेच लागलेला असतो. टेक्सासमध्ये मतदार पक्षाच्या नावानं नोंदवतच नाहीत. प्राथमिक फेरीच्या दिवशी हवी ती मतपत्रिका घ्या, पण मग त्या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या प्राथमिक फेरीनंतरच्या निर्णायक फेरीत (रनऑफ) मत देता येत नाही. मिशिगनमध्ये एकाच खुणेनं पक्षाच्या नावानं लढवल्या जाणाऱ्या सगळ्या जागा एका पक्षाला देता येतात. ती खूण करू नका. शाळा मंडळापासून न्यायाधीशापर्यंत एकेक नाव वाचा, वेळ लागू द्या.

ग्रीन कार्ड किंवा एच-१बीवर असाल तर नोंदणी अजिबात करू नका. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना पडद्यावर मतदार नोंदणीचा प्रश्न येतो आणि घाईत 'हो' दाबलं जातं. नागरिक नसताना नागरिक म्हणून सही केली तर देश सोडायची वेळ येऊ शकते. तिथे 'नाही'च दाबायचं.

न्यू हॅम्पशरमधल्या श्रोत्यांसाठी एक शेवटचं. तुमच्याकडे कुठल्याही पक्षाचा नसलेला मतदार प्राथमिक फेरीत कुठलीही एक मतपत्रिका मागू शकतो. पण ती घेतली की त्या पक्षाचा म्हणून तुमची नोंद होते. मत देऊन झाल्यावर केंद्रातून बाहेर पडण्याआधी परत अपक्ष होण्याचं कार्ड मागून घ्या आणि सही करूनच निघा. नमस्कार.